चार इंचांची लादी

सुलभा,

स्वयंपाकघरात पाय जपून टाक. प्रांजलीकडे कॅनडात गेल्यावर जावयाबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाईन म्हटलं, तर तू चारचौघांत म्हणालीस, "यांच्या वजनानं बर्फ फुटेल!" तळ्यावर माणूस पेलायला चार इंच बर्फ पुरतो म्हणतात, म्हणून फ्रीजरमध्ये तेवढ्याच जाडीची लादी गोठवली, दोन पाटांवर ठेवली आणि वर उभा राहिलो. तडासुद्धा गेला नाही! उतरताना मात्र खाली साचलेल्या पाण्यावरून घसरलो. घोटा सुजलाय. शेजारचे रंगप्पा अण्णा हसत हसत राजाजीनगरच्या दवाखान्यात नेताहेत. प्रांजलीला कळवू नकोस, तिकीट रद्द करेल. लादीला जागा करायला काढलेला तुझा खवलेला नारळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे. आणि रागाच्या भरात लादी मोरीत फेकू नकोस. डॉक्टर घोट्याला बर्फच लावायला सांगतील.

नंदकिशोर