फुगवायच्या आधी

बाबा, इथूनच पाया पडते.

माझी खाण्यापिण्याची आबाळ नाही. तुमचा खोकला थांबला का?

विश्वाच्या जन्माचा धडा यंदा अभ्यासक्रमातून गाळलाय. तरी मी वर्गात तुमच्यासारखाच शिकवला, फुग्यावर शाईचे ठिपके काढून. फुगवताना ठिपके एकमेकांपासून लांब जाऊ लागले, तशी एक मुलगी उठली. "बाई, फुगवायच्या आधी काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "परीक्षेला नाही." ती खाली बसली.

तुम्ही अशा प्रश्नाची वर्षभर वाट बघायचात. ती तेव्हापासून गप्प आहे.

काल मी फळ्यावर मुद्दाम लिहिलं, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. सगळ्यांबरोबर तिनेही ते मुकाट्याने उतरवून घेतलं.

आईला मी मजेत आहे एवढंच सांगा.

तुमची धाकटी