मोकळे हात

राहुरी, रविवार

आईला शीलाचा जयभीम.

मी खुशाल आहे. धाकटी माधुरी हे वाचून दाखवेल, तेव्हा मधेच कामाला उठू नको. मोबाईल इथं ट्रेनिंगच्या ऑफिसात जमा करून घेतात, म्हणून पत्र लिहिलं.

जेवण बरं आहे, भाकरी मिळते. मुलींची खोली वेगळी आहे, दाराला आतून कडी आहे.

बॉडीगार्डचं काम म्हणजे नुसतं उभं राहणं, काळजी करू नको. पण मला तेच लई जड जातंय. ज्या मॅडमना सांभाळायचं त्यांची पिशवी घ्यायची नाही, छत्रीसुद्धा धरायची नाही. कोण कधी अंगावर येईल सांगता येत नाही, म्हणून हात कायम मोकळे. दिवसभर हातांचं काय करावं तेच कळत नाही.

काल परीक्षा झाली. स्वयंपाकाच्या कडूबाई मावशींना मॅडम केलं होतं. त्या जड पिशवी घेऊन गाडीतून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून थांबल्या. मी पटकन पिशवी घेतली. तेवढ्यात हल्ला करणारा धावत आला, आणि माझे हात अडकलेले.

"मॅडम मेल्या," सर म्हणाले. मावशी हसल्या. मला हसू आलं नाही.

तुझी कंबर कशी आहे? मिरजगावच्या डॉक्टरांकडे गेलीस का? पाणी कोण आणतं? माधुरीला खरं खरं लिहायला लाव.

मंगळवारी परत परीक्षा आहे. पिशवीकडे बघणारसुद्धा नाही, पास होईन. पण सुट्टीला आल्यावर तू हंडा घेऊन चाललीस आणि मी शेजारून मोकळ्या हातांनी आले, तर सरळ कानाखाली वाजव.

तुझीच,
शीला