शर्यतीत नितीन दिसलाच नाही

मढ, रविवार संध्याकाळ

आज नितीनची जागतिक स्पर्धेतली पहिली कनू शर्यत होती. पुरुष एकेरी, एका गुडघ्यावर बसून अरुंद होडी एकट्याने वल्हवायची. आम्ही सगळे मोबाईलला चिकटलो होतो, शेजारच्या फिलूमावशीसुद्धा. आणि माझा भाऊ दिसलाच नाही! सुरुवातीला ओझरता दिसला, मग कॅमेरा पुढच्या चौघांबरोबर निघून गेला. तो शेवटचा पोचला तेव्हा पडद्यावर जिंकलेला पोरगा हसत होता.

नंतर त्याचा फोन आला. "ताई, दिसलो का गं मी?"

"दिसलास ना." का बोलले मी असं?

"खोटं नको बोलू. मी आत्ताच शर्यतीचा व्हिडिओ बघितला. बस झालं यार, आता नाही उतरणार मी पाण्यात."

इतकी वर्षं रोज पहाटे खाडीत राबला, आणि साधा दिसलासुद्धा नाही.

बाबांना कसं सांगू? ते अजून अंगणात बसून तीच शर्यत पुन्हापुन्हा लावतायत. मगाशी मला हाक मारली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा बघ, हा आपला नित्या!"

तो दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचा पोरगा होता.

मी म्हटलं, "हो बाबा."