जव्हारचा पंप

रविवार, दिवेलागणीनंतर

नाशिकहून सासऱ्यांना घेऊन आलो. त्यांच्या हृदयाची तपासणी ठीक निघाली, धडधड माझीच थांबत नाहीये.

जव्हारच्या पंपावर मी म्हटलं, "अहो, इथे थोडं तरी भरा." ह्यांचं नेहमीचंच. "महाराष्ट्रात कशाला? आपल्या सिल्वासाच्या हद्दीत स्वस्त आहे." इथे सगळेच असं करतात, मान्य. पण काटा लालवर आला होता! घाटात पेट्रोल वाचवायला ह्यांनी एसी बंद केला. दोन्हीकडे जंगल, मोबाइलला रेंज नाही, आणि मी नुसती काट्याकडे बघत बसलेले. गाडी तिथेच बंद पडली असती तर? मागे बसलेल्या बाबांना विचारलं, "उकडतंय का?" "नाही गं पोरी, खिडकीतून मस्त वारं येतंय."

आपल्या हद्दीत शिरल्यावर खानवेलला टाकी फुल्ल केली. हे शीळ वाजवत होते. एवढ्याशा बचतीसाठी इतका जीव टांगणीला लावायचा? पुढच्या महिन्यात बाबांना दाखवायला परत नाशिकला जायचंय. जव्हारला मीच उतरून भरू का? चिडतील.

आत्ता बाबांचा सदरा धुवायला घेतला. पाठभर घामाने भिजलेला. आणि गाडीच्या मागच्या दाराची ती काच... ती तर दिवाळीपासून अडकलीय. खाली येतच नाही.