तिसऱ्या भागातली पिकोलो

सोमवार, ७ ऑक्टोबर

चि. पिपाणीस मामाचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा बरा आहे. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे आणि खालच्या बाईंनी आपल्या कुंड्या पुन्हा पायऱ्यांवर मांडल्यात. त्यामुळे मी रोज एकीला तरी लाथ घालून वर येतो आणि मग तिची माफी मागतो. कुंडीची, बाईंची नव्हे. तुझी खुशाली तुझ्या आईकडून कळते. तू स्वतः कळवत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. सध्या तक्रार करायचा हक्क तुझा आहे, एवढं मलाही समजतं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर माणूस समोरच्याचं ऐकल्यासारखं करतो आणि आपलंच घोडं पुढे दामटतो. पत्रात निदान तसं होत नाही. हे काही पूर्ण कारण नव्हे, पण तूर्त एवढ्यावर भागव.

काल कपाट आवरायला काढलं. वरच्या खणात रेकॉर्डी, मधल्यात कॅसेटी, खाली सीडी. चष्म्याचं दुकान विकल्यापासून मला दुसरं काम नाही, त्यामुळे कपाट चकचकीत आहे आणि डोकं गढूळ. माझी मतं तुला तोंडपाठ आहेत, तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बँडचा मार्च ऐकावा तर रेकॉर्डवर. तिला दोन्ही हातांनी धरावं लागतं, पुसावं लागतं, एक बाजू संपली की खुर्चीतून उठावं लागतं. वाजवणारे उन्हातान्हात पाय उचलणार आणि ऐकणारा लोळणार, हा कुठला न्याय? ऐकणाऱ्यालाही थोडी कवायत हवीच. कॅसेट म्हणजे हवालदार रजेवर गेल्यावरची पलटण. चालते, पण रेंगाळत. सीडीचं काम स्वच्छ, पण ते पुढे ढकलायचं बटण ज्याने काढलं त्याला मी कधी माफ करणार नाही. आणि तुमच्या फोनवर तर काय, आधी निरोपाचा मार्च लागतो आणि मग प्रवेशाचा. अख्खी रांगच मोडली की! ज्या संगीताचा जन्मच रांगेत झाला, ते असं कुठूनही कुठेही वाजवायचं म्हणजे कमाल आहे.

रेकॉर्डिंगचा एक दोष मात्र मी पहिल्यापासून मान्य करत आलोय. रस्त्यावरचा बँड येतो आणि जातो. रेकॉर्डमधला जागचा हलत नाही. त्यावर आपण काढलेला तोडगा तुला आठवतो ना? मी आवाजाच्या बटणावर दोन बोटं ठेवून बसायचो. सुरुवातीला आवाज अगदी बारीक, म्हणजे बँड अजून कोपऱ्यापलीकडे आहे. मग हळूहळू मोठा. तू स्वयंपाकघराच्या दारातून गुडघे उचलत निघायचीस, तोंडात ती प्लास्टिकची पिपाणी. माझ्या खुर्चीसमोर आलीस की आवाज पूर्ण, आणि गॅलरीकडे वळलीस की मी बटण मागे फिरवायला लागायचो. तुझी आई म्हणायची, "दादा, तुम्हा दोघांना एकदा दाखवून आणायला हवं." पण दारात उभी राहून बघायची तीही.

एकदा तू चालता चालता माझ्याकडे बघून हसलीस आणि मी रेकॉर्डच थांबवली. "रांगेत असताना समोर बघायचं," म्हणालो. एवढीशी होतीस. रडली नाहीस. मागे गेलीस, दारात उभी राहिलीस आणि पुन्हा पहिल्यापासून निघालीस. मला केवढा अभिमान वाटला होता! आज आठवलं की वाटतं, हसू दिलं असतं तर काय बिघडत होतं?

आता आमच्या श्रोते मंडळाच्या बैठकीबद्दल. ते टाळून चालणार नाही.

तुमच्या अग्निशमन दलाच्या बँडची ही पहिलीच रेकॉर्ड. मी ती आणली त्या दिवशी जेवायचं विसरलो. पितळी वाद्यं उत्तम. ढोल तर असे की जमिनीतून पायात चढतात. आणि मार्चच्या तिसऱ्या भागात, जिथे सगळे आवाज खाली घेतात आणि त्यांच्या डोक्यावरून एकटी पिकोलो यायला हवी, तिथे काहीच नाही! बोटभर बासरी ती, पण तिच्याशिवाय तो भाग म्हणजे बिनखिडकीची खोली. मी सुई बदलली. तीच गत. सीडी आणली. तीच गत. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या फोनवर ऐकलं, नाक मुठीत धरून. तिथेही तीच गत. तीन साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर न्यायाधीशाने दुसरं काय करायचं?

म्हणून वाचनालयाच्या वरच्या खोलीत, सगळ्या श्रोते मंडळासमोर, पाहुण्या बँडसमोर, मी उभा राहिलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "बँड चांगला आहे, पण पिकोलोवाला आपल्या जागी आलेलाच नाही. ज्याला आपली जागा मोजता येत नाही त्याने गणवेश घालू नये." लोक माना खाली घालून बसले. मला वाटलं, सत्य बोचतंय. मग तुमचे बँडमास्तर उठले आणि म्हणाले, "काका, पिकोलो तुमच्या भाचीने वाजवलीय."

मी तर समजत होतो, तू अजून क्लॅरिनेटवरच आहेस. वळून पाहिलं तर तू मागे दाराजवळ. तिथे तरी गप्प बसायचं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. म्हणालो, "भाची असो नाहीतर आणखी कुणी असो. माणूस खोटं बोलेल, रेकॉर्ड बोलणार नाही."

तू वाद घातला नाहीस. दारही आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं. ते मला ऐकू आलं असतं.

बुधवार

पत्र परवा तिथेच सोडलं. पुढचं लिहायला हात धजेना.

काल तुझी आई येऊन गेली. म्हणाली की तू पिकोलो बँडच्या भांडारात जमा केलीस आणि रविवारच्या वार्षिक संचलनात उतरणार नाहीस. "ती म्हणते, मामाला जर माझं वाजवणं वाजवणंच वाटत नाही, तर मी कुणासाठी पाय उचलू?" एवढं सांगून ती चहा न घेता उठली. माझी बहीण चहा न घेता गेली, हे आजवर कधी झालेलं नाही. तेव्हा आता आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही.

पोरी, पिकोलो रेकॉर्डवर आहे. मला ती ऐकू येत नाही.

हे मला परवा पत्र सुरू करतानाही माहीत होतं. गेल्या शुक्रवारी रेकॉर्ड काखोटीला मारून मी दुकानदाराशी भांडायला गेलो होतो. त्याने ती लावली. गल्ल्याशेजारी त्याची मांजर झोपलेली, जाडजूड, कशालाच न उठणारी. ढोल वाजले, ट्रॉम्बोन गरजले, बाईसाहेब ढिम्म. तिसरा भाग सुरू झाला आणि तिचे दोन्ही कान ताठ! दुकानदार हसला. "रोजचंच आहे. पिकोलो आली की ही उठणार."

मी म्हटलं, "कुठली पिकोलो?"

तो माझ्याकडे बघत राहिला. भला माणूस. हवेत बोट धरून सूर दाखवायला लागला. बोट वर चढत होतं, थरथरत होतं, टुणकन खाली येत होतं, पुन्हा वर जात होतं. मला फक्त बोट दिसत होतं. खोटं कशाला सांगू, तिथेच मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले काही आवाज आले, मी दाबलं. मग येईनासे झाले. पण तोवर ठेका माझ्या अंगात मुरला होता, तेव्हा मी आपला ठेक्यावर दाबत राहिलो आणि मनातून खूश, की बघा, एकही चुकला नाही! थोड्या वेळाने बाई दार उघडून आत आल्या. "काका, यंत्र मी मघाशीच बंद केलंय. तुम्ही कशावर दाबताय?" काय सांगणार? जन्मभर ज्या शिस्तीचे गोडवे गायले, तिने मला भर दवाखान्यात तोंडघशी पाडलं. हसलीस तर हस. बाईही हसल्या. मग त्यांनी आवाज कधीही, कसेही सोडले, तुमच्या फोनसारखे, आणि खरं काय ते बाहेर आलं.

दोन्ही कानांतले उंच पट्टीचे आवाज गेलेत. परत येणार नाहीत. कानात घालायच्या यंत्राने बोलणं समजायला मदत होईल, पण पिकोलोचं त्या काही खात्रीने सांगत नाहीत. हळूहळू गेलं म्हणून तुम्हाला कळलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. पण तुला म्हणून सांगतो, मला कळत होतं. दारावरची घंटा बिघडली म्हणून मी नवी बसवली, आणि ती बिघडली म्हणून आणखी नवी. फोनवर तुझा आवाज यायचा, शब्द वाटेत सांडायचे. तू मध्यंतरी एकदा फोन करून भराभरा, फार आनंदाने काहीतरी सांगत होतीस आणि मी म्हणालो, "हो हो, गुडघा आता बरा आहे." तू हसलीस. तुला वाटलं असेल, मामा चेष्टा करतोय. तू पिकोलो मिळाल्याचं सांगत होतीस ना? नियंत्रण कक्षात बसून दिवसभर घाबरलेल्या माणसांचं फोनवर ऐकून घेतेस तू, आणि तुझी स्वतःची एवढी मोठी बातमी मी 'हो हो'वर निभावून नेली.

आणि मी कोण? चष्मेवाला. गिऱ्हाईक यायचं, वर्तमानपत्र हातभर लांब धरायचं आणि म्हणायचं, "हल्ली छपाईच बारीक करतात हो." मी मनातल्या मनात म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. वरून त्यांना उपदेशही करायचो की नंबर वाढला यात लाजण्यासारखं काय आहे! तोच मी घरी येऊन सुया बदलत बसलो. मला भीती वाटत होती. लोकांना नातवंडं असतात, देवळं असतात, पत्त्यांचे अड्डे असतात. माझं सगळं ऐकण्यातच होतं. ते गेलं तर माझ्याकडे तुला बोलवण्यासारखं तरी काय उरणार, ही खरी भीती. शिक्षा मात्र तुला फुकट झाली.

आज सकाळी बँडमास्तरांकडे जाऊन सगळं सांगून आलो. मंडळाच्या लोकांनाही सांगेन, तसाच उभा राहून. मास्तरांनी पिकोलो दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. म्हणाले, "ती आली नाही तर तिची जागा मोकळी सोडून चालू. दुसरं कुणी तिथे उभं करणार नाही." मी त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं. आता मी लोकांना पुन्हा बोलायला लावतो. सोपं आहे, उगाच इतकी वर्षं घाबरलो.

रेकॉर्ड खोटं बोलत नाही, हे माझं मत अजून कायम आहे. तू जागेवर आलीस, अचूक आलीस, हे तिच्यावर कायमचं कोरलेलं आहे. खोटं मी बोललो.

रविवारी संचलन नेहमीसारखं माझ्या खिडकीखालून जाईल. कानाचं यंत्र तोवर हातात येणार नाही. बँड कोपऱ्यावर आला की ढोल मला पायांतून कळतील, मग पितळ. आमच्या घराशी नेमका तिसरा भाग लागतो. बाकीचे आवाज खाली जातील, माझ्यापुरतं सगळं जवळजवळ गप्प होईल, आणि तेव्हा मला तुझी बोटं बघायची आहेत. दुकानदाराने दाखवलेलं मी पाठ केलंय. चढ कुठे, थरथर कुठे, टुणकन खाली कुठे. माझ्यासाठी ये म्हणायचं तोंड मला नाही. पण बाकी सगळ्या रस्त्याला ऐकू येतं, आणि एका मांजरीलाही. त्यांच्यासाठी ये.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात देतो आणि तसाच परततो. उत्तर नको. रविवारी तुझी जागा भरलेली दिसली की मला उत्तर मिळालं.

आणि खिडकीखाली आलीस की वर बघितलंस, हसलीस, तरी चालेल. या वेळी मी बँड थांबवणार नाही.

खिडकीत उभा असलेला,
तुझा
मामा