गाडी रत्नम्माच्या नावे

मी, गुरुबसप्पा सिद्रामप्पा बिराजदार, वय वर्षे चोपन्न, धंदा टॅक्सी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहेत ते सांधे. डॉक्टर त्यास संधिवात म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही. गाडी विकून टाकावी असे ज्यात लिहिले होते, ते माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या व ओसरी, पत्नी रत्नम्मा हिचे. आम्हांस मूल नाही.

२. माझी बोटे वाकडी होऊन गाडी रत्नम्माकडे जाताच धाकटा भाऊ निंगप्पा चार लोकांत म्हणाला, "अण्णा, बाईच्या हातात टॅक्सी शोभंल व्हय? मला द्या की." त्यास जॅक व पान्यांची पेटी द्यावी. गाडीस त्याने हात लावू नये.

३. अँबेसेडर गाडी रत्नम्माची. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी तर्क लढवणार नाही.

अक्कलकोटची पहिली फेरी सकाळची, आणि सकाळीच माझी बोटे मिटत नसत. कोमट पाण्यात हात बुडवले, स्टिअरिंगला चिंध्या गुंडाळून ते जाड केले, तरी पकड येईना. किल्ली रत्नम्मा फिरवून देई, दाराचे बटण ती दाबी. त्यासाठीच ती शेजारी बसू लागली. एकदा वळसंगपाशी बैलगाडी आडवी आली. आखडलेला गुडघा हलेना, पाय ब्रेकवर वेळेत गेला नाही. रत्नम्माने स्टिअरिंग आपल्याकडे ओढले आणि गाडी चरात उतरली. कोणास लागले नाही. मागे बसलेली मैंदर्गीची अंबुबाई म्हणाली, "बाई, आता तूच चालव की."

शिकवले मीच. लायसन्सही तिला पहिल्याच खेपेस मिळाले. मला दोनदा जावे लागले होते.

आता स्टँडवर उतारू विचारतात, "अक्का हाईत का गाडीवर? मग बसतो." मी डाव्या सीटवर बसून तिची सरळ बोटे पाहतो. तिच्या हातात गियर कुरकुरत नाही. इतका हेवा मला सख्ख्या भावाचा वाटला नाही. तिने खड्डा नीट चुकवला तरी मी म्हणतो, "सावकाश." ती म्हणते, "तुम्ही गप बसा की. रस्ता दिसतोय मला."

त्याच जळफळाटात पहिले मृत्युपत्र केले. मरेपर्यंत तरी कशाला थांबायचे, म्हणून मोडनिंबचा एक व्यापारी गाडी पाहायला बोलावला. त्याने ती स्टेशनपर्यंत चालवून आणली. मी ओसरीवर बसून पाहिले आणि मला काहीच वाटले नाही. कोणाची तरी गाडी रस्त्याने चालली होती. त्याला चहा पाजून परत पाठवले. रत्नम्मा चालवते तेव्हा माझा जळफळाट होतो. तो झालेला मला चालेल.

४. अट : मी गेल्यावर वर्षभर रत्नम्माने डाव्या सीटवर कोणास बसवू नये. वकील म्हणाले, ही अट कोर्टात टिकणार नाही. म्हटले, तरी लिहा.

कलम तिला वाचून दाखवले. "उतारू कमी बसतील," ती म्हणाली.

"कमी बसू देत."

ती भाकरी थापायला गेली. तिथून तिने विचारले, "आणि वर्षानंतर?"

वर्षानंतरचे मी काही लिहवलेले नाही.

वकिलांनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती, ती परत केली. खालची सही वेडीवाकडी असली तरी माझ्या हातची आहे.

गुरुबसप्पा सिद्रामप्पा बिराजदार

आम्हां दोघांसमक्ष सही केली, बराच वेळ लागला :
१. सिद्धलिंगप्पा म्हेत्रे, शेजारी
२. आबासाहेब सुरवसे, टॅक्सी स्टँड

सोलापूर, ता. ११ फेब्रुवारी १९७५