पाणकणसाच्या पट्टीबाबत आणि घडीखालच्या ओळीबाबत

मी, खाली सही करणारी, वय तेहतीस, अविवाहित, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शंभरातले सत्त्याण्णव रुग्ण नीट घरी जातात, असे सर्जन म्हणाले. मीही जाईन. पण उरलेल्या तिघांसाठीही कागद तयार असावा, ही माझी कामाची सवय आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक वहिनीला. तिने त्याचे काय केले हे कुणी विचारू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. आमच्या घरात ठरते खूप, पार पाडते ती.

२. सूक्ष्मदर्शक, जाळी आणि नमुन्यांच्या अकरा वह्या प्रयोगशाळेला. पाणथळीत दर महिन्याला त्याच सहा ठिकाणी जाळी टाकून मी चतुरांच्या अळ्या मोजल्या आहेत. पहिल्या वर्षी एका जाळीत सरासरी एकेचाळीस, गेल्या वर्षी सहा. गोगलगायी तिसऱ्या ठिकाणी उरलेल्याच नाहीत. माझ्या अहवालावर ‘नोंद घेतली’ एवढेच लिहून तो कपाटात ठेवणाऱ्या साहेबांना त्या कपाटाची किल्ली परत करावी. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

३. शंभर मिलिलिटरचे मोजपात्र फवारणीची औषधे विकणाऱ्या दुकानदारकाकांना. “एक झाकण जास्त टाका, पीक हसेल,” असे ते प्रत्येकाला सांगतात. काका, झाकण हे माप नव्हे.

४. आता पट्टी. दादाचे भातशेत आणि पाणथळ यांच्या मधली ही पाऊण एकर जागा आईने माझ्या नावे केली. “ही काही नांगर धरणार नाही, हिला चिखलच आवडतो,” असे ती म्हणाली होती. तिथे पाणकणीस दाट वाढले आहे. शेतातले पाणी त्यातून सावकाश गाळून पुढे जाते. दादाला ती सपाट करून शेताला जोडायची आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी ती एका संशोधन संस्थेला दिली होती, आणि तेव्हा तरी मला ते बरोबर वाटले होते.

५. त्याचे कारण लिहिते. माझ्या अहवालातले तिसरे ठिकाण म्हणजे दादाच्या शेताचा चर जिथे पाणथळीला मिळतो ते तोंड. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी तिथल्या पाण्यातला विषाचा आकडा एकदम उसळे. दादा पंप चरात विसळतो, हे मी अहवालात लिहिले. तो दारात येऊन म्हणाला, “चष्मिष, तीन वेळा विसळतो मी. नियमाने. तूच वाचून दाखवलंस ना?” मी म्हणाले, “चरात ओत असं मी कधी म्हटलं?” त्यानंतर आम्ही आठ महिने बोललेलो नाही.

६. पंधरा दिवसांपूर्वी आवराआवरीत माझा शाळेतला शब्दकोश निघाला. त्यात खूण म्हणून फवारणीच्या औषधाच्या बाटलीबरोबरचे घडीपत्रक ठेवलेले होते. मी तेरा वर्षांची आणि दादा एकोणीसचा असताना त्याने ते माझ्या हाती दिले होते. “बारीक अक्षर आहे, वाच गं चष्मिष.” मी वाचले: ‘काम झाल्यावर पंप तीन वेळा विसळावा.’ तिथे घडी होती. मी थांबले. घडीखालची ओळ अशी: ‘विसळलेले पाणी शेतातच फवारून टाकावे, चर, ओढा, तळे यांत ओतू नये.’

७. नुकसान सगळे त्या विसळण्याने झाले असे मी म्हणणार नाही. शेतातून वाहून येणारे पाणी आहे, पलीकडची चार शेते आहेत, काकांचे झाकण आहे. पण संध्याकाळी उसळणारा आकडा विसळण्याचा आहे, आणि दादाच्या चरापुरती त्याची सुरुवात माझ्यापासून आहे. वीस वर्षे दादाने एकदाही दोनवर भागवले नाही. मजुरांनी कंटाळा केला तर ओरडायचा, “तीन म्हणजे तीन! बहिणीनं वाचलंय.” अहवालातली ही दुरुस्ती मी स्वतंत्र सही करून वह्यांना जोडली आहे.

८. म्हणून पट्टी दादाला. सांगितलेली गोष्ट वीस वर्षे न चुकता करणारा माणूस मला कोणत्याही संस्थेत भेटलेला नाही. अट एकच: पाणकणीस उपटू नये, भराव टाकू नये, पाण्याला त्यातून सरळ चर काढून देऊ नये. शब्दकोश आणि ते पत्रकही त्याला, पूर्ण उलगडून.

९. हे सगळे माझ्या मरणानंतर त्याला कळावे, असा पहिला मसुदा होता. तो मी फाडला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि दादाला भांडायचा हक्क आहे. रविवारी मी शेतावर जाईन आणि हा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवीन. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत.

दोन्ही साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

साक्षीदार पहिल्या: प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशी. (“लग्नाआधी मृत्युपत्र करणारी तूच पहिली गं बाई,” असे म्हणून त्यांनी सही केली. त्याआधी सगळा कागद वाचायला मागितला. दिला.)

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे निवृत्त भूमापक. पट्टीची हद्द त्यांनी नकाशावर तपासली आहे.

सही: चष्मिष. तिच्याखाली कागदोपत्रीची.

ठिकाण: माझे राहते घर, दुसरा मजला, जेवणाचे टेबल.
दिनांक: बुधवार, शस्त्रक्रियेआधी सहा दिवस, रविवारआधी चार.